कृत्रिम लॉन दुरुस्तीच्या नावाखाली ७८,२०० रुपये गेले. किनाऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांनी हे वाचाच

रत्नागिरी जिल्ह्यात समुद्राजवळ आमचं छोटं होमस्टे आहे. घरापुढे ९०० चौरस फुटांचं कृत्रिम लॉन, ४० मिमी उंचीचं. काही पावसाळे काढल्यावर त्याचे जोड सुटायला लागले, एका कोपऱ्यात खालची जमीन खचून पाणी तुंबायला लागलं आणि सावलीच्या बाजूला शेवाळ धरलं. नेमक्या त्याच वेळी 'टर्फ रिपेअर'वाला एक जण दारात आला. ही माणसं कशी येतात, मोबाइलमध्ये कुणाच्या कामाचे फोटो दाखवतात, "जवळच काम चालू आहे म्हणून तुम्हाला कमी दर" कसं म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. मलाही ठाऊक होतं. पण त्याचं कोटेशन व्यवस्थित होतं. लेटरहेड, शिक्का, जीएसटी नंबर, कामांची यादी: लॉन उचलून खाली खडी भरणार, ढाळ काढणार, जोडांना नवी टेप आणि पीयू अ‍ॅडेसिव्ह हा चिकटा लावणार, वर सिलिका सँड (लॉनमध्ये भरायची स्वच्छ, बिनमिठाची वाळू) टाकणार. दर ९६ रुपये चौरस फूट, एकूण ८६,४००. एवढं लेखी दिल्यावर कुणीही विश्वास ठेवला असता.

४३,२०० अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिला. मग "मटेरियल आलंय, गाडी सोडवायचीय" म्हणून २५,०००. मग वाळूसाठी १०,००० रोख. रोख मागितली की हात आखडा, एवढं तरी लक्षात ठेवा.

आता ज्या क्षणाचा मला अजून संताप येतो तो सांगते. ऑगस्टची दुपार, पाऊस नुकताच उघडला होता. लॉन उलटवलं तेव्हा त्याची पाठ ओलीच होती, हात लावला तर बोटं भिजत होती. त्याने बिनलेबलचे दोन डबे एकत्र ढवळले आणि टेपवर पट्टा ओढला. थोड्याच वेळात त्या पट्ट्यावर घुसळलेल्या ताकासारखा फेस आला. बारीक बुडबुडे फुगत होते, फुटत होते. मी तिथेच उभी होते. विचारलंही, "हे फसफसतंय का?"

"ताई, केमिकल पकडतंय. फेस आला म्हणजे माल ओरिजिनल."

इथे काम थांबवायला हवं होतं. दोन भागांच्या पीयू अ‍ॅडेसिव्हला पाणी लागलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, चिकटा पोकळ होतो आणि जोड धरत नाही. ओल्या बॅकिंगवर, म्हणजे लॉनच्या पाठीवर, तो लावायचाच नसतो. पण हे मला नंतर दुसऱ्या कारागिराने सांगितलं. ज्या बाईने आयुष्यात अ‍ॅडेसिव्हचा डबा उघडला नाही तिला हे कुठून कळणार? मी प्रश्न विचारला होता आणि तो माझ्या तोंडावर खोटं बोलला. गणपती तोंडावर होते, खोल्या बुक होत्या, "पावसाळा संपल्यावर या" म्हणायची सोय मला नव्हती, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं. पावसात चिकटवायचं काम करून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. कोरडी हवा लागतेच, तेव्हा ऑक्टोबरच्या आधी जोडांना हात लावू देऊ नका.

गणपतीतच जोड उघडले. कडेला ठोकलेले साधे लोखंडी खिळे खाऱ्या हवेने गंजून वर आले आणि पाहुण्यांच्या लहान मुलीच्या पायाला लागले. त्यांच्यापुढे मान खाली घालायची वेळ आली. समुद्राजवळ गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेसच्याच पिना लागतात. फोन केला तर "येतो, येतो", मग फोन बंद. उरलेले ८,२०० मागायला तो फिरकला नाही, यावरूनच समजा.

दुसऱ्या कारागिराने लॉन उचललं तेव्हा खाली खडी नव्हतीच, नुसती माती दाबलेली होती. वर पसरलेली 'सिलिका सँड' त्याने मूठभर घेऊन माझ्या तळहातावर ओतली. त्यात शिंपल्यांचे तुकडे होते! किनाऱ्यावरची वाळू. त्यातलं मीठ ओल धरून ठेवतं, बारीक कणांनी बॅकिंगची भोकं बुजतात, म्हणून तर पाणी आधीपेक्षा जास्त तुंबत होतं. सिलिका सँड बंद पोत्यातून येते. पोतं तुमच्यासमोर फोडायला लावा. कापलेल्या जागी लावलेला 'त्याच कंपनीचा नवा तुकडा' २५ मिमीचा, कुठून तरी उचकटलेला, आणि पाती उलट्या दिशेला. लांबूनही वेगळा रंग दिसत होता. हे सगळं निस्तरायला आणखी ५८,५०० गेले.

पोलिसांत गेले. "ताई, त्याने काम केलंय ना? मग फसवणूक कशी? हा दिवाणी मामला." भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचंच आहे, हे मी वाचून गेले होते. साहेबांनी कागद बाजूला सारला. वाळूचा विषय काढल्यावर एक जण म्हणाला, "किनाऱ्याची वाळू तुमच्या अंगणात सापडली, तुमच्यावरच येईल." मी फसलेली, आणि धमकी मलाच! सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला: तुम्ही स्वतः पैसे पाठवलेत, हा सायबर गुन्हा नाही. बँकेचंही तेच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार घेतली, पण समोरच्या पार्टीचा पत्ता लागत नाही म्हणून बंद केली. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, पण नोटीस बजावायला पत्ता लागतो आणि लेटरहेडवरचा पत्ता खोटा. शिवाय तिथे "धंद्यासाठी घेतलेली सेवा" म्हणून अडवतात. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा ग्राहक ठरतो, हे कायद्यात लिहिलेलं आहे, पण ते आपणच ठणकावून सांगावं लागतं. प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे बोट दाखवते. माणूस थकून घरी बसावा, एवढीच यांची इच्छा दिसते.

जीएसटी नंबर जीएसटीच्या पोर्टलवर फुकट तपासता येतो. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो. त्याचा २४ ने होता, म्हणजे गुजरातचा, आणि नोंद भलत्याच धंद्याच्या नावावर. पैसे देण्याआधी तपासा. आधार कार्डाचा फोटो आणि गाडीचा नंबर घ्या, यूपीआयवर दिसणारं नाव कोटेशनवरच्या नावाशी जुळतं का बघा. आमच्याकडे जुळत नव्हतं. "भावाचं खातं आहे," म्हणाला.

पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलिस अधीक्षकांना पोस्टाने अर्ज करता येतो. मी केलाय, पोच जपून ठेवलीय, उत्तर नाही. आता त्याच कलमाखाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाणार आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्ग पट्ट्यात आणखी कुणाला अशाच २४ च्या नंबरचं टर्फ दुरुस्तीचं कोटेशन मिळालं असेल तर ते फेकू नका, पेमेंटच्या स्क्रीनशॉटसह मला पाठवा. माझ्या अर्जाला जोडायचंय.