एमएलएस की आयएसएल, प्लेऑफ कुणाचे भारी?

एमएलएस म्हणजे अमेरिकेची फुटबॉल लीग, तिथे 2023 पासून दोन्ही कॉन्फरन्सचे (पूर्व-पश्चिम गटांचे) मिळून 18 संघ आत, म्हणजे निम्म्याहून जास्त लीगच प्लेऑफला (लीगनंतरच्या बाद फेरीला), हे जरा अतीच ना! पहिल्या राउंडला तीनपैकी दोन मॅच जिंकायच्या, बरोबरी झाली की एक्स्ट्रा टाइम नाहीच, डायरेक्ट पेनल्टी. 2024 ला मेस्सीच्या मायामीने लीगमध्ये विक्रमी 74 पॉइंट काढले आणि कॉन्फरन्समध्ये नवव्या नंबरच्या अटलांटाने त्यांना इथेच घरी बसवलं.

आपल्या आयएसएलला, म्हणजे इंडियन सुपर लीगला, 2024-25 पर्यंत फक्त सहा असायचे, पहिले दोन थेट सेमीला, तिथे दोन लेगचं ॲग्रीगेट (दोन्ही मॅचच्या गोलांची बेरीज). तरी 2024 ला शिल्ड (लीगमध्ये पहिल्या नंबरची) मोहन बागानकडे अन् प्लेऑफचा कप मात्र आपल्या मुंबई सिटीने नेला, तोही मोहन बागानच्या कोलकात्यातल्या सॉल्ट लेक स्टेडियमवर जाऊन 3-1 ने! मला सहा संघांचंच पटतं.