सुरक्षा चाचण्या मेव्हनवरून ग्रेडलवर: सहा महिन्यांच्या वापरानंतर

झॅप हे वेब अ‍ॅप्लिकेशनवर मुद्दाम हल्ले करून त्रुटी शोधणारं साधन. मेव्हन व ग्रेडल ही जावा प्रकल्प बांधणारी (बिल्ड) साधनं, जेयुनिट ही जावातल्या चाचण्यांची चौकट. झॅपवर चालणाऱ्या सुरक्षा चाचण्या मेव्हन व जेयुनिट ४ वरून ग्रेडल व जेयुनिट ५ वर आणून सहा महिने झाले. बिल्ड फाइल आटोपशीर झाली, हे खरं. पण लिहायचं आहे ते चाचणी न होताच दिसणाऱ्या हिरव्या, म्हणजे ‘पास’, निकालाबद्दल. सुरक्षा चाचणीत लाल निकाल परवडतो, खोटा हिरवा परवडत नाही.

ग्रेडलमध्ये बिल्डमधल्या प्रत्येक कामाला टास्क म्हणतात. चाचण्या चालवणारा टेस्ट टास्क आधी इनपुट बघतो: कंपाइल झालेले क्लास, क्लासपाथ, सिस्टिम प्रॉपर्टी. मागची रन पास झालेली आणि यातलं काही बदललेलं नसेल, तर ‘अप-टू-डेट’ म्हणून टास्क सोडून देतो. युनिट टेस्टसाठी हे उत्तम. पण इथे ज्या अ‍ॅप्लिकेशनवर हल्ला करायचा ते वेगळ्या सर्व्हरवर असतं. तिथे लॉगिनचा सगळा कोड बदलला तरी ग्रेडलच्या लेखी सगळं जैसे थे.

यावर मागचा निकाल पुसणारा ‘क्लीनटेस्ट’ चालवा असं सांगतात. ते अपुरं आहे, कारण बिल्ड कॅश (आधीच्या टास्कचे निकाल साठवणारी सोय) चालू असेल तर जुनाच निकाल कॅशमधून परत येतो. ‘रीरन-टास्क्स’ सगळाच प्रकल्प पुन्हा बांधायला घेतो. ७.६ पासून एकट्या टास्कसाठी ‘रीरन’ आहे, पण तो दर वेळी कमांडवर लिहावा लागतो आणि एखाद्या दिवशी राहून जातो. टास्कमध्येच ‘अपटूडेटव्हेन’ला फॉल्स द्या आणि निकाल कॅशमध्ये ठेवणंही बंद करा. सर्व्हरवर चढवलेल्या आवृत्तीचा क्रमांक इनपुट म्हणून देता येतो, पण झॅपचे स्कॅन नियम अ‍ॅड-ऑनमधून स्वतंत्रपणे अपडेट होतात, तेव्हा त्यावर विसंबू नका.

कमांडवर डॅश-डी लावून दिलेलं, ज्या पत्त्यावर स्कॅन करायचा ते यूआरएल मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगइन शुअरफायर टेस्टपर्यंत पोचवतं. ग्रेडलमध्ये टेस्ट वेगळ्या जेव्हीएममध्ये (जावाच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये) चालतात आणि ग्रेडल ते आपोआप पुढे देत नाही, त्यामुळे ते ग्रेडलपाशीच अडतं. ‘सिस्टिमप्रॉपर्टी’ने हातानं पुढे द्यावं लागतं. कोडमध्ये डीफॉल्ट म्हणून लोकलहोस्ट लिहिलेलं असेल तर भलत्याच ठिकाणी स्कॅन होतो. डीफॉल्ट काढूनच टाका. यूआरएल नसेल तर टेस्ट फेल व्हायलाच हवी.

सगळ्यात घातक बदल मात्र जेयुनिटचा आहे. तुलना करणाऱ्या असर्ट मेथडमध्ये, चूक झाल्यावर दाखवायचा संदेश जेयुनिट ४ मध्ये पहिला येतो, ५ मध्ये शेवटी. लॉगिननंतर सेशन आयडी बदलतो का, हे ‘असर्टनॉटइक्वल्स’ने (दोन गोष्टी वेगळ्या आहेत ना, हे बघणारी मेथड) तपासताना संदेश, जुना आयडी, नवा आयडी ही तिन्ही आर्ग्युमेंट स्ट्रिंगच असतात. फक्त इम्पोर्ट बदलला तरी कोड बिनतक्रार कंपाइल होतो, आणि तुलना होते ती संदेशाची जुन्या आयडीशी. ते दोन कधीच सारखे नसतात, म्हणून टेस्ट कायम पास. नवा आयडी तपासलाच जात नाही. ‘असर्टइक्वल्स’मधली हीच चूक लाल होऊन कळते, ही कळत नाही. तीन आर्ग्युमेंटचा प्रत्येक ‘असर्टनॉटइक्वल्स’ शोधून डोळ्यांनी बघा, आपोआप बदलणाऱ्या साधनावर सोडू नका.

झॅप बंद करणारा टास्क फायनलायझर म्हणून, म्हणजे टेस्टनंतर ती पास असो वा फेल चालावा म्हणून, ‘फायनलाइज्डबाय’ने टेस्टला जोडला होता, तेही चुकीचं ठरलं. टेस्ट ज्यावर अवलंबून आहे तो एखादा टास्क आधीच फेल झाला तर टेस्ट चालत नाही आणि तिचा फायनलायझरही चालत नाही. झॅप मागे जिवंत राहतो, पोर्ट अडवतो. बंद करणारा टास्क झॅप सुरू करणाऱ्या टास्कला जोडा आणि ‘मस्टरनआफ्टर’ने टेस्टनंतरच ठेवा, नाहीतर टेस्टआधीच झॅप बंद होऊ शकतो.

पहिल्या महिन्यातलं मत ‘मेव्हनवर परत चला’ असं होतं. ते बदललं टॅगमुळे, म्हणजे टेस्टना गटांची नावं देऊन हवा तोच गट चालवता येतो त्यामुळे. पॅसिव्ह तपासणीचा (हल्ला न करता फक्त येणारीजाणारी माहिती बघणारा) एक टेस्ट टास्क प्रत्येक कमिटला, अ‍ॅक्टिव्ह स्कॅनचा (प्रत्यक्ष हल्ले करणारा) दुसरा रात्री. मेव्हनमध्ये यासाठी प्रोफाइलचं जंजाळ वाढत होतं. फक्त दोन्ही टास्कवर ‘युजजेयुनिटप्लॅटफॉर्म’ (टेस्ट जेयुनिट ५ ने चालवा असं ग्रेडलला सांगणारी ओळ) लिहिलं आहे ना, ते बघा. जुन्या ग्रेडलमध्ये ते राहिलं तर एकही जेयुनिट ५ टेस्ट सापडत नाही आणि बिल्ड तरीही हिरवा राहतो.

स्थलांतर संपलं असं म्हणण्याआधी यूआरएल मुद्दाम बंद पोर्टचं द्या आणि सगळा संच चालवा. त्यात जी टेस्ट हिरवी राहील, ती आधी उघडा.