वादळात लाईट गेली तर काय हवं: इन्व्हर्टर, पॉवर स्टेशन की नुसते चार्जिंगचे बल्ब?

मे महिना लागला की घरोघरी हा विषय निघतोच, यंदा इन्व्हर्टर घेऊन टाकूया का. मुंबईत एरवी लाईट क्वचितच जाते, त्यामुळे गावाकडच्या घरांत असतो तसा इन्व्हर्टर इथे फारसा कोणी घेत नाही, पण १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ मुंबईच्या किनाऱ्याला न लागता नुसतं बाजूने गेलं तरी शहरभर झाडं पडली होती, म्हणजे विचार करायला हरकत नाही. फक्त दुकानदार विचारतो "किती पंखे चालवायचेत?" आणि खरं विचारायला हवं ते हे की राहता कितव्या मजल्यावर.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे दोन-तीन चार्जिंगचे बल्ब, २०००० एमएएचची पॉवर बँक (मोठ्या बॅटरीचा फोन अडीच-तीन वेळा भरते, डब्यावर काही का लिहिलेलं असेना) आणि राउटरला छोटा यूपीएस. वन रूम किचनला, चार-पाच तासांसाठी एवढं पुरतं. पंखा नाही मिळणार, आणि मे-जूनच्या घामात खिडक्या बंद करून पंख्याशिवाय बसणं काय असतं ते सांगायला नको.

आता इन्व्हर्टर. १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास (१०० वॅटचं काही लावलं तर अठरा तास), हाताशी येतात साधारण १२५०. दोन साधे पंखे ७५ वॅटचे, तीन एलईडी आणि राउटर मिळून १९० वॅट होतात, म्हणजे साडेसहा तास. तेच पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे असले, ३० वॅटच्या आसपासचे, तर हीच बॅटरी बारा-तेरा तास ओढते, त्यामुळे मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला असं मी कोणालाही सांगेन. लाईट गेली की आपोआप चालू होतो, म्हातारी माणसं घरात एकटी असतील तर हे फार मोठं सुख आहे. पण बॅटरी ५०-६० किलोची, डिस्टिल्ड वॉटर बघत राहायचं, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो म्हणून बंद कपाटात कोंबायची नाही. आणि तळमजल्यावर राहत असाल तर माझं मत सरळ नको. कुर्ला, कलिना, हिंदमाता अशा सखल भागात पाणी घरात शिरायला लागलं की ती बॅटरी कोण उचलणार? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी तळमजल्यावर जमिनीला टेकलेलं काही म्हणजे काही वाचलं नव्हतं.

पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे प्लग लावायची सोय असलेली उचलून नेण्याजोगी मोठी बॅटरी, इथेच जिंकतं. ५०० वॅट-तासवालं साताठ किलोचं असतं, उचलून माळ्यावर नाहीतर वरच्या शेजाऱ्यांकडे नेता येतं, वायरिंग नाही म्हणून भाड्याच्या घरात मालकाशी वादही नाही. एक साधा पंखा आणि राउटर पाच तास. पैशांच्या मानाने क्षमता मात्र इन्व्हर्टरपेक्षा बरीच कमी, हे झोंबतं. घरात कोणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लागत असेल तर नीट हिशोब करा, पाच लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं, म्हणजे यावर सव्वा तास आणि आधी सांगितलेल्या इन्व्हर्टरवर साडेतीन तास, तेही पंखे बंद ठेवून आणि इन्व्हर्टर मशीनला चालतो हे आधी तपासून. यातलं काहीही घेतलं तरी भरलेला ऑक्सिजन सिलिंडर हवाच.

पेट्रोलचा जनरेटर गॅलरीत ठेवायचा विचार असेल तर सोडा, धुरातला कार्बन मोनॉक्साईड घरात येतो आणि त्याला वासही नसतो.

उंच मजल्यांवर तर अंधारापेक्षा पाण्याची पंचाईत आधी होते. तळाच्या मीटर रूममध्ये पाणी शिरलं की सुरक्षेसाठी बिल्डिंगची लाईट मुद्दाम बंद करतात, पंप बंद, वरची टाकी बघता बघता रिकामी, आणि आपल्या घरातला इन्व्हर्टर पंप चालवू शकत नाही. त्यामुळे दहाव्या-पंधराव्या मजल्यावर असाल तर आधी सेक्रेटरींना विचारा की सोसायटीच्या जनरेटरवर पंप आहे की फक्त लिफ्ट. पंप नसेल तर इन्व्हर्टरच्या आधी झाकणाचे दोन ड्रम आणा, आणि साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते, त्या दिवशी मुसळधार पावसाचा इशाराही असेल तर सकाळीच भरून ठेवा, कारण भरतीच्या वेळी पावसाचं पाणी समुद्रात जायला वाट नसते. ऐन पाण्यात मदत लागली तर महापालिकेचा १९१६. मीटर रूम वर उचलून घ्यायचा विषय सोसायटीत अजून निघालाच नसेल तर मेच्या मीटिंगमध्येच काढा, जूनमध्ये इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही.