२४०० डॉलरचा पीळ

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहून ड्रॅग रेसिंगचा, म्हणजे उभ्या जागेवरून सरळ रेषेत गाडी पळवायच्या शर्यतीचा, नाद करणारी मराठी माणसं किती असतील? आम्ही दोघं, मी आणि माझा एक सांगलीकर मित्र. त्यातला गेल्या हंगामात फसलेला मी. झाकली मूठ उघडायची हौस नाही, पण जुन्या गाडीला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधणारं कुणी हे वाचत असेल, तर त्याचे पैसे वाचावेत.

गाडी १९७२ची शेव्हरोले नोव्हा, ३८३ घनइंचाचं इंजिन, माझ्यासकट साधारण ३४०० पाउंड. इंग्लिशटाउनची स्ट्रिप, म्हणजे या शर्यतीचा ट्रॅक, घराजवळ होती, ती २०१८मध्ये बंद झाली, म्हणून आता ग्रेट मेडोजच्या आयलंड ड्रॅगवेला जातो. तिथेच माझा गिअरबॉक्स, तीन गिअरचा टर्बो ३५०, घसरायला लागला. आता पुढचा कोणता? एकीकडे पॉवरग्लाइड: दोनच गिअर, हलका, इंजिनाची ताकद कमी खाणारा. जनरल मोटर्सने तो १९७३पर्यंतच बनवला, तरी ड्रॅगवाले आजही त्याच्यासाठी जीव टाकतात. दुसरीकडे टर्बो ४००: तीन गिअर, जड, ताकद खाणारा, पण दणकट.

परराज्यातल्या एका विक्रेत्याची जाहिरात सापडली. फोनवर त्याने एकच प्रश्न विचारला, हॉर्सपॉवर किती? मी साडेचारशे सांगितली. “वेगवान गाड्या सगळ्या पॉवरग्लाइडवरच पळतात,” म्हणाला. सरळ दात्यांचे १.८० गुणोत्तराचे गिअर, कडक पोलादाचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची ताकद आत आणणारा दांडा), दहा क्लच प्लेट, ट्रान्सब्रेक (सुटेपर्यंत गाडी जागेवर धरून ठेवणारा), कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा), सगळं मिळून २४०० डॉलर. सोबत फोटो. निळ्या फडक्यावर मांडलेले गिअर असे चमकत होते की देव्हाऱ्यात ठेवावेत! पैसे ‘मित्र-नातेवाईक’ म्हणून पाठव, कमिशन वाचेल, असंही सुचवलं. मी पाठवले. खरेदीचं संरक्षण त्या पर्यायात नसतं, हे मला ठाऊक होतं. तरी पाठवले.

मी डोळे मिटून बसवला असंही नाही. खालच्या तेलाच्या पॅनचे चौदा बोल्ट काढून आत पाहिलं. ट्रान्सब्रेकची व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे तेलाचा दाब वळवून गिअर बदलणारा भाग, कोरी करकरीत. मी खूश. पण पॅन काढल्यावर दिसते ती मुख्यतः तीच. गिअर, क्लच, शाफ्ट सगळं केसच्या पोटात. लबाडाने नेमकं दिसेल तेवढंच नवं घातलं होतं.

ट्रॅकवर पहिल्याच रनला शंका आली. सरळ दात्यांचे गिअर पहिल्यात किंचाळतात, माझी गाडी शिलाई मशीनसारखी गुमान निघाली. पहिल्या साठ फुटांना पूर्वी १.६ सेकंद लागायचे, आता १.८. रात्री कागद घेऊन बसलो. माझा मागचा गिअर, म्हणजे मागच्या ॲक्सलमधलं गुणोत्तर, ३.७३. टर्बो ३५०चा पहिला गिअर २.५२, गुणाकार ९.४. पॉवरग्लाइडचा १.८० धरला तरी ६.७. आकडा जितका कमी, तितका सुटतानाचा जोर कमी. म्हणजे खरा माल आला असता तरी या वजनाला, या मागच्या गिअरला तो चुकीचाच होता. मागे ५.१३ वगैरे घातला असता तर गोष्ट वेगळी. विक्रेत्याने विचारलं नाही आणि मीही आधी हा दोन ओळींचा हिशोब केला नाही. इंजिनिअर म्हणवून घेतो स्वतःला.

पुढच्या आठवड्यात चौथ्या रनला दुसरा गिअर पडला, आरपीएम चढले आणि गाडी मात्र रेंगाळली. तेल काढलं तर चहासारखं, करपलेला वास. ट्रॅकवरच्या एका सत्तरीच्या गृहस्थांनी त्यांच्या गॅरेजमध्ये गिअरबॉक्स खोलून दिला. दहाऐवजी पाच क्लच प्लेट. गिअर तिरक्या दात्यांचे, कंपनीतून आले तसेच. आणि इनपुट शाफ्टचे खाचे एका बाजूला वळलेले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे पोलादालाच पीळ पडला होता. मित्र तो हातात फिरवत म्हणाला, “अरे, जिलबी केली की रे!”

विक्रेत्याला फोटो पाठवले. “रेसिंगच्या मालाला वॉरंटी नसते, तुम्हीच तोडलात.” त्यानंतर नंबर ब्लॉक. पेमेंट ॲपनेही हात वर केले.

त्या गृहस्थांच्या ओळखीच्या कारागिराकडून आता टर्बो ४०० करून घेतलाय. किंमत सांगायच्या आधी त्याने वजन, मागचा गिअर, टायरची उंची, कॅम, किती आरपीएमला लाँच करतोस, सगळं खोदून विचारलं. उरलेलं मोजमाप आणायला मला घरी पिटाळलं. केस बंद करायच्या दिवशी बोलावून घेतलं, स्प्रॅग (एकाच दिशेने फिरू देणारा क्लच) हातात दिला, शाफ्टवर माझ्याच हाताने रंगाची खूण करायला लावली. तीन आठवडे थांबावं लागलं.

परवा सहज जाहिराती चाळत होतो. तोच पॉवरग्लाइड, विक्रेत्याचं नाव वेगळं, फोटोत तेच गिअर आणि तेच निळं फडकं, कोपऱ्यातल्या तेलाच्या डागासकट. किंमत आता २६००.