‘तीन दिवसांत फरक’वाली डबी: पर्शियन मांजर घेणाऱ्यांनी आधी वाचावं

डोंबिवलीतल्या एका कुटुंबाने ऑनलाइन जाहिरात बघून पर्शियन पिल्लू घेतलं. ‘डॉल फेस, ट्रिपल कोट, वॅक्सिनेटेड, डीवर्म्ड, लिटर ट्रेन्ड.’ दोन हजार टोकन, उरलेले डिलिव्हरीला. पिल्लू आलं तेव्हा शॅम्पूने घमघमत होतं आणि डोळे स्वच्छ होते. आठवड्याभरात डावा डोळा मिचमिचायला लागला, चिपडं धरली, शिंका सुरू झाल्या. पंधरवड्यात कानामागे रुपयाएवढा बिनकेसांचा चट्टा दिसला. विक्रेत्याला फोटो पाठवले तर तो भांडला नाही, उलट गोड बोलला. ‘ताई, जागा बदलली की होतंच. आपल्याकडे खास किट आहे, तीन दिवसांत फरक.’ किट बाराशेचं. तीन दिवसांत खरोखरच फरक पडला. दहा-बारा दिवसांनी सगळं परत आलं, परत किट मागवलं. पाचव्या किटपर्यंत डोळ्यात फूल पडलं होतं आणि घरातल्या मुलीच्या मानेवर गजकर्ण उठलं होतं.

किटमध्ये काही निघालंच नाही, असं असतं तर लोक दुसऱ्यांदा फसले नसते. औषध लागू पडत होतं, म्हणूनच पैसे जात राहिले. थेंबांच्या छोट्या बाटलीवरचं लेबल नखाने खरवडलेलं, गोंद बोटाला चिकटेल असा; कडेला ‘डेक्सा’ एवढी अक्षरं राहून गेलेली, म्हणजे बहुधा डेक्सामिथॅसोन हे स्टेरॉइड. मलम प्लास्टिकच्या डबीत भरलेलं, ट्यूब पिळताना पडलेली नागमोडी वळी तशीच. तिसरी एक पुडी, ‘इम्युनिटी’साठी. मलमात काय आहे हे विक्रेत्यानेच उघड केलं. त्याच्याकडचा साठा संपला तेव्हा ‘मेडिकलमधून हीच ट्यूब आणा’ म्हणून त्याने फोटो पाठवला: क्लोबेटासॉल हे जहाल स्टेरॉइड, निओमायसिन हे अँटिबायोटिक, मायकोनाझोल हे बुरशीचं औषध. माणसांसाठीची ट्यूब. अशी स्टेरॉइडची मलमं २०१८पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते आपण सगळे जाणतोच.

स्टेरॉइड सूज आणि लाली दाबतं, कारण दाबत नाही. जंतू असेल तिथे तो वाढायला मोकळं रान मिळतं. औषध थांबलं की आजार आधीपेक्षा जोराने वर येतो आणि विक्रेत्याचं पुढचं किट खपतं.

आधी डोळ्याचं बघू. पिल्लांच्या शिंका आणि वाहत्या डोळ्यांमागे बहुतेक वेळा मांजरांचा हर्पिस विषाणू असतो. तो माणसाला होत नाही. एकदा शिरला की बहुतेक मांजरांत चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत कायमचा दडून राहतो आणि ताण आला की जागा होतो. घर बदलणं, प्रवास, नवं मांजर, बाळंतपण, आणि स्टेरॉइड. ताणानंतर साधारण आठवड्याभराने लक्षणं दिसतात, म्हणूनच ‘आमच्याकडे असताना ठणठणीत होतं’ हे विक्रेत्याचं वाक्य कित्येकदा खरंही असतं. हर्पिसने बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होते. त्यावर डेक्सामिथॅसोन किंवा प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडचे थेंब पडले तर जखम खोल जाते, पडदा वितळल्यासारखा होतो, क्वचित आरपार फाटतो. पर्शियनमध्ये अशा जुन्या जखमेवर काळी-तपकिरी खपली धरते. ती सहसा शस्त्रक्रियेनेच काढावी लागते.

हे सगळं टाळणारी तपासणी पाच मिनिटांची आहे. फ्लुओरेसिनची नारिंगी टोकाची कागदी पट्टी सलाइनने ओली करून खालच्या पापणीला आतून टेकवतात, डोळा धुतात आणि निळ्या प्रकाशात बघतात. जखम असेल तिथे हिरवा डाग चमकतो. डाग झाडाच्या फांद्यांसारखा फुटलेला दिसला तर हर्पिसच. मिचमिचणाऱ्या डोळ्यात ही पट्टी न लावता कोणी स्टेरॉइडचे थेंब लिहून देत असेल, तर त्याच्याकडे दवाखान्याची पाटी असली तरी थेंब घालू नका. मेडिकलमधल्या अँटिबायोटिक थेंबांच्या नावापुढे ‘डी’, ‘डीएम’ किंवा ‘डीएक्स’ असं शेपूट असेल तर बऱ्याचदा त्यात डेक्सामिथॅसोन असतं. घटकांची ओळ वाचल्याशिवाय बाटली घेऊ नका.

हर्पिसवर खात्रीचं औषध फॅमसिक्लोव्हिर. मात्रा किलोला ९० मिलिग्रॅमपर्यंत, दिवसातून दोनदा. अडीच किलोच्या मांजराला जवळपास २५० ची एक गोळी होते. गोळी जहाल कडू, चुरून दिली तर तोंडाला फेस येतो, म्हणून जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये घालून द्यायची. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्रा पशुवैद्य कमी करतात. ‘तेच औषध, स्वस्तातलं’ म्हणून व्हॅलासिक्लोव्हिर कोणी पुढे केलं तर तिथूनच परत फिरा. मांजराच्या यकृताची आणि मूत्रपिंडाची ते वाट लावतं, जीव जातो. असायक्लोव्हिरच्या गोळ्याही नकोत. किटमधली ती ‘इम्युनिटी’ची पुडी म्हणजे बहुधा लायसिन हे अमिनो आम्ल. त्याने हर्पिस आटोक्यात राहतो याला पुरावा नाही. २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेणाऱ्यांनी ते देणं बंदच करा असं स्पष्ट लिहिलं.

एका डोळ्यापासून सुरुवात, मग दुसरा, आणि पापणीची आतली बाजू फुगून लालबुंद झाली असेल तर क्लॅमिडिया या जिवाणूचा संशय घ्यायचा. त्यावर डॉक्सिसायक्लिन, किलोला १० मिलिग्रॅम, रोज, पूर्ण चार आठवडे, घरातल्या सगळ्या मांजरांना. आठव्या दिवशी डोळा स्वच्छ दिसतो, लोक गोळी सोडतात आणि ‘परत झालं’ म्हणत येतात. गोळी कोरडी गिळवायची नाही. ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते. मागून सिरिंजने ५-६ मिली पाणी पाजायचं.

आणि चपट्या नाकाच्या मांजराचे डोळे कायम थोडे पाणावणारच. अश्रूंची नळी चेपलेली असते, तपकिरी ओघळ अश्रूंमधल्या रंगद्रव्याचा. मांजर डोळा पूर्ण उघडत असेल, पाणी पातळ असेल, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसलं की झालं. त्यासाठी ‘टिअर स्टेन पावडर’ विकणारे काही वेळा त्यात टायलोसिन हे अँटिबायोटिक मिसळतात. महिनोन्‌महिने रोज अँटिबायोटिक, तेही डागासाठी!

आता त्वचा. लांब केसांचं पिल्लू, कानामागे किंवा पंज्यावर गोल चट्टा, कोंडा, तुटके केस, फारशी खाज नाही: उलट सिद्ध होईपर्यंत ते गजकर्णच समजा. ही बुरशी पर्शियनांत फार, आणि माणसाला हटकून लागते. क्लोबेटासॉलने चट्ट्याची लाली जाते, बुरशी पसरत राहते. शिवाय मांजर अंग चाटतं, म्हणजे ते मलम पोटातही जातं.

हल्ली विक्रेते निळा टॉर्च मारून ‘बघा, निगेटिव्ह’ असा व्हिडिओ पाठवतात. या टॉर्चचा काही भरवसा नाही. दवाखान्यातल्या वुड्स लॅम्पखाली (अतिनील किरणांचा खास दिवा) केसाच्या दांडीवर, मुळाकडे, सफरचंदासारखी हिरवी चमक दिसावी लागते. कोंडा, मलम, धूळ हे सगळं निळसर-पांढरं चमकतंच. आणि काही नमुने बुरशी असूनही चमकत नाहीत. खरी तपासणी कल्चर, म्हणजे केसांवरची बुरशी लॅबमध्ये वाढवून बघणं. नवा कोरा टूथब्रश सगळ्या अंगावर दोन-तीन मिनिटं फिरवायचा, शेवटी चट्ट्यावर, आणि पिशवीत बंद करून द्यायचा. निकालाला दोन ते तीन आठवडे लागतात. बुरशी ज्यावर वाढवतात ते माध्यम लाल झालं एवढ्यावर निदान होत नाही, लॅबने ते सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेलं असावं. जवळचा दवाखाना हे करत नसेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारा.

उपचाराला इट्राकोनाझोल, किलोला ५ मिलिग्रॅम, एक आठवडा रोज, एक आठवडा बंद, अशा तीन फेऱ्या. अडीच किलोला साडेबारा मिलिग्रॅम होतात आणि बाजारात कॅप्सूल १०० ची. अंदाजाने आठ भाग करण्यापेक्षा पातळ औषध मिळवा. घोटून केलेली घरगुती पुडी अंगात नीट शोषली जात नाही. मांजराने खाणं सोडलं तर औषध थांबवून पशुवैद्याला कळवायचं. सोबत आठवड्यातून दोनदा मायकोनाझोल-क्लोरहेक्सिडिनचा शॅम्पू, १० मिनिटं अंगावर ठेवून. केस परत उगवले म्हणजे बरं झालं असं नाही. परत टूथब्रश, परत कल्चर, ते निगेटिव्ह आलं की मगच औषध बंद. घरात गळलेल्या केसांवर बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने टिकतात. आधी केस उचलायचे, मग फरशी साबणाने घासायची आणि शेवटी १ भाग ब्लीच, ३२ भाग पाणी, १० मिनिटं ओलं. वाळेपर्यंत मांजर दुसऱ्या खोलीत. फिनाइल मात्र वापरू नका, पंजे चाटून मांजराला विषबाधा होते.

प्रत्येक चट्टा बुरशीचा नसतो. पाठीवर मोहरीसारखे बारीक पुरळ असले तर पिसवा शोधा; कानाच्या कडेपासून सुरू झालेली जाड खपली आणि भयंकर खाज म्हणजे खरजेचा किडा. सेलामेक्टिनचे मांजरासाठीचे थेंब दोन्हीवर चालतात. कुत्र्याचे परमेथ्रिनवाले थेंब ‘अर्धेच टाका’ असा सल्ला देणारे भेटतात. त्याने झटके येऊन मांजर मरतं. टी-ट्री तेलही विषारीच.

घरी येऊन ‘खाजेचं इंजेक्शन’ देणारेही आहेत. ते बहुधा महिनाभर अंगात राहणारं स्टेरॉइड असतं. काही मांजरांना त्यातून मधुमेह होतो. सुई टोचू देण्याआधी औषधाचं नाव कागदावर लिहून मागा आणि राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने ही नोंदणी लागते. डॉक्टर सहज सांगतात, कंपाउंडर चिडतात.

पिल्लू घ्यायला जाताना आंघोळीनंतरचं नाही, आंघोळीआधीचं बघायचंय असं सांगा आणि त्याची आईही बघायला मागा. कानामागे, शेपटीच्या मुळाशी, पंज्यांच्या बोटांत केस विस्कटून बघा. ‘उन्हाळा म्हणून’ कातरलेलं पिल्लू घेऊ नका. लसीच्या कार्डावर कुपीचं मूळ स्टिकर, बॅच नंबर, मुदत आणि डॉक्टरचा शिक्का हवा. रंगीत झेरॉक्सचं स्टिकर नखाने उचलून बघितलं की कळतं. दीड महिन्याच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजची नोंद असेल तर कार्ड बनावट समजायला हरकत नाही, ती लस तीन महिन्यांनंतरची. दुकान असेल तर २०१८च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी मागा.

पैसे गेलेच असतील तर बाटली-डबी फेकू नका, उरलेल्या औषधासकट ठेवा. जाहिरातीचा, गप्पांचा आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट विक्रेत्याने ब्लॉक करण्याआधी काढा. टोकन घेऊन गायब झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. आजारी पिल्लू गळ्यात मारलं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. पशुवैद्याकडून तारखेसह लेखी निदान घ्या, कल्चरच्या अहवालासह. परवान्याशिवाय औषध विकल्याची तक्रार वेगळी, ती अन्न व औषध प्रशासनाकडे.

डबीतलं औषध लावणं मात्र आजच थांबवा. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या एकदम तोडायच्या नसतात, पशुवैद्य त्या उतरवत आणतात. पहिल्या आठवड्यात चट्टे आणि डोळा आधीपेक्षा वाईट दिसतील, आणि नेमक्या त्याच दिवसांत विक्रेत्याचा ‘बघा, आमचं औषध बंद केलंत ना’ असा मेसेज येतो.