शिरेतून पोषण चालू असताना: ग्रोथ हार्मोन की अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड?

सलाइनमधून अमिनो आम्लं पुरेशी जाताहेत, तरी दंड-मांड्या वाळतच चालल्यात; मग ग्रोथ हार्मोन जोडावं की अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड (स्नायू वाढवणारं, पुरुषी हार्मोनसारखं औषध), असं एका निवासी डॉक्टरने विचारलं.

आधी मोजमाप. लघवीतून जाणारा 1 ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सुमारे 6.25 ग्रॅम प्रथिनं, म्हणजेच साधारण 30 ग्रॅम मांस गेलं. ग्रोथ हार्मोन ही गळती खरोखर कमी करतं आणि यकृताकडून आयजीएफ-1 (वाढीला चालना देणारं, इन्सुलिनसारखं हार्मोन) वाढवून घेतं. स्टेरॉइडचं काम संथ. मात्र ग्रोथ हार्मोनवर चार दिवसांत वाढलेल्या वजनाला भुलू नका. पायावर बोट दाबून बघा, खड्डा राहिला तर ते पाणी आहे!

धोक्यात मात्र फरक मोठा. 1999 साली अतिदक्षता विभागातल्या रुग्णांवरच्या दोन चाचण्यांत ग्रोथ हार्मोनच्या मोठ्या मात्रेने मृत्यू जवळपास दुप्पट किंवा त्याहून जास्त झाले. शिवाय ते साखर चढवतं, आणि सलाइनमधला ग्लुकोज आधीच डोक्याला ताप असतो. स्टेरॉइडचा भार यकृतावर. शिरेतल्या पोषणाने ते आधीच दमलेलं असतं. बायकांमध्ये आवाज घोगरा होऊ शकतो.

देण्याची सोय: ऑक्सँड्रोलोन हे स्टेरॉइड तोंडाने घ्यायचं, म्हणजे आतडं बंद असेल तर बाद. अमेरिकेत तर 2023 मध्ये त्याची मान्यताच गेली. नँड्रोलोन हे दुसरं स्टेरॉइड स्नायूत टोचतात. खर्चात ग्रोथ हार्मोन बरंच महाग.

रुग्ण अत्यवस्थ असेल तर ग्रोथ हार्मोन नकोच. आतडं आखूड झालेल्या, पण स्थिर रुग्णात तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्याचा विचार होतो. भाजलेल्यांत स्टेरॉइडकडे माझा कल, यकृताच्या तपासण्या ठीक असतील तरच.