जुन्या गाडीची दुसरी चावी : शोरूम की चावीवाला?

सेकंडहँड स्विफ्ट किंवा वॅगनआरसोबत बऱ्याचदा एकच चावी हातात पडते. दुसरी करायची तर ती एक शाबूत असतानाच करावी. तीही हरवल्यावर गाडीचा सिक्युरिटी कोड काढण्यापासून सुरुवात होते आणि बिल सहज दुपटीवर जातं.

नाक्यावर शे-दोनशे रुपयांत चावी कापून मिळते, पण ती फक्त दार उघडते. इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही किंवा दोन सेकंदांत बंद पडतं. मीटरवरचा चावीचा दिवा लुकलुकत राहतो. दोष दातांचा नसतो. चावीच्या डोक्यात गाडीला ओळख देणारी चिप नसते.

त्यामुळे प्रोग्रॅमिंगचं मशीन असलेला चावीवालाच शोधावा. साध्या चिपच्या चावीला साधारण दीड ते अडीच हजार घेतो, रिमोटवाल्या फ्लिप चावीला तीन-चार हजार. शोरूममध्ये जास्त मोजावे लागतात, वर चावी मागवून येईपर्यंत थांबायचं. एक चालू चावी हातात असेल तर चावीवाल्याचं काम पैसा वसूल आहे, फक्त काही गोष्टींवर डोळा ठेवावा लागतो.

पहिली कटिंग. जुनी चावी झिजलेली असेल तर तिच्यावरून कापलेल्या नव्या चावीतही तीच झीज उतरते आणि इग्निशनमध्ये ती हलवून हलवून फिरवावी लागते. गाडीसोबत आलेला चावीच्या नंबरचा बिल्ला मिळाला असेल तर नंबरवरूनच कापून घ्यावी.

दुसरी गोष्ट, चावी क्लोन करायची की प्रोग्रॅम. क्लोनमध्ये जुन्या चिपची हुबेहूब नक्कल होते, गाडीला मशीन लावावंच लागत नाही. स्वस्त पडतं, पण आधीच्या मालकाकडे राहिलेली चावीही चालूच राहते. जुन्या गाडीसाठी प्रोग्रॅमच करावं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरला मशीन जोडायची जागा) मशीन लावून जुन्या नोंदी पुसायला सांगायचं आणि हातातल्या दोन्ही चाव्या नव्याने चढवून घ्यायच्या. शेवटी मशीनवर नोंदलेल्या चाव्यांचा आकडा स्वतः बघावा : दोन म्हणजे दोनच. गाडीची बॅटरी उतरलेली असताना हे काम करू देऊ नये. मध्येच व्होल्टेज पडलं तर प्रोग्रॅमिंग अर्धवट राहतं, आणि मग गाडी टो करून न्यायची पाळी येते.

तपासताना जुनी चावी लांब ठेवा. दोन्ही एकाच कडीत असतील तर इग्निशनभोवतीची कॉइल जुनी चिप वाचते आणि नवी चालते असं वाटतं. ही चूक फार होते. दार, डिकी, इग्निशन, तिन्ही ठिकाणी चावी फिरवून बघा.

ऑनलाइन रिमोट घेताय तर फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडच्या गाड्यांना सहसा ४३३ मेगाहर्ट्झ लागते. ३१५ चा घेतला तर बटणं मुकी.

पुश स्टार्टच्या, म्हणजे बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीला मात्र शोरूमच बरं. तिची वापरलेली चावी (स्मार्ट की) अनेक मॉडेलांत पहिल्याच गाडीला बांधलेली असते, दुसरीवर चढत नाही. बाजारात ती स्वस्त मिळते ती त्यामुळेच.

आरसी न बघता काम करणारा चावीवाला टाळा. जो तुमची बघत नाही, तो चोराचीही बघणार नाही. गाडीचा नंबर आणि तारीख लिहिलेलं बिल घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या चाव्या मागते, आणि नवी चावी कुठून आली हे तिथे सांगावं लागतं.